प्रकाशाची डागणी

शके १८१९ च्या पौष अमावास्येला, म्हणजे २२ जानेवारी १८९८ रोजी, विजयदुर्गापाशी कोकणच्या किनाऱ्याला स्पर्श करून ईशान्येकडे धावत निघालेली खग्रास सूर्यग्रहणाची छाया करमाळे तालुक्यातील जेऊर या गावावरून गेली. आणि ती पाहण्यासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला व कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल हे दोघे आपापल्या दुर्बिणी, आरसे व छायाचित्रांच्या काचा घेऊन त्या माळावर तळ देऊन बसले होते. करमाळे हा सोलापूर जिल्ह्याचा मुलूख खरा, परंतु त्याची उत्तरसीमा नगर जिल्ह्याच्या कर्जत व जामखेड तालुक्यांना लागलेली असल्यामुळे सीना नदीच्या दोन्ही काठांवरील गावांनी त्या दिवशी भर दुपारी अंधार दाटत गेलेला पाहिला असणार. तो काळही साधा नव्हता. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच सरला होता आणि पुण्यात प्लेगाने थैमान घालून वर्ष झाले होते. अशा वेळी सूर्यच झाकोळून जावा, यातून लोकांनी कोणता अर्थ घेतला असेल, हे सांगण्यास कागदपत्रांची गरज नाही.

जेऊरच्या माळावर शास्त्रज्ञ सुमारे दोन मिनिटांच्या अंधाराचा क्षण न् क्षण टिपून घेत असता आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील गर्भवती स्त्रिया मात्र, आजी-सासूच्या आज्ञेनुसार, दारे लावून एका जागी बसून होत्या. ग्रहण पाळणे ही आपल्याकडील एक फार जुनी रीत आहे. वेध लागल्यापासून मोक्ष होईपर्यंत गर्भवतीने विळीला अगर सुरीला हात लावू नये, सुईत दोरा ओवू नये, निजू नये, काही चिरू-मोडू नये. तसे केल्यास पोटातील मुलाचा ओठ फाटतो, बोटे जुळतात, कान तुटका होतो किंवा डोळ्यात खोट राहते, असे मानले जाई. जन्मजात व्यंगाची ही मीमांसा आज आपल्याला पटणारी नसली तरी तिच्यामागील व्याकुळता समजून घेण्याजोगी आहे, कारण निरोगी आईबापांच्या पोटी एखाद्या अवयवाची उणीव घेऊन मूल का जन्मते, या प्रश्नाला त्या काळी दुसरे कोणतेच उत्तर उपलब्ध नव्हते. या रीतीचा खरा दोष असा की, तिने उत्तर देता देता अपराधीही ठरवून टाकला. आणि तो अपराधी नेहमी आईच असे. मूल जन्मल्यावर त्या नऊ महिन्यांतील एखादी चिरलेली भाजी आठवून आयुष्यभर स्वतःला दोष देत राहिलेल्या किती स्त्रिया नगर जिल्ह्याच्या मातीत मिसळून गेल्या, त्याची खानेसुमारी कोणत्याही सरकारने केली नाही.

प्रत्यक्षात डोळ्याची घडण होते ती गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. डोळ्याच्या तळाशी प्रारंभी एक फट असते, ती पाचव्या ते सातव्या आठवड्यांच्या सुमारास मिटत येते, आणि पुष्कळदा हे सारे आईला आपण गर्भवती आहोत याची पुरती खात्री होण्याच्या आतच घडून जाते. ती फट नीट मिटली नाही तर नेत्राच्या तळाशी खाच राहते, कधी दृष्टिमज्जेचे बिंब, म्हणजे डोळ्याची नस जेथे आत शिरते ती वाटोळी जागा, संपूर्ण खोलगट होऊन बसते, आणि कधी त्या बिंबावर, बहुधा कानाकडील बाजूस, करड्या रंगाचा एक लहानसा खळगा तेवढा आढळतो. या शेवटच्या खळग्याचे मूळ त्या फटीतच आहे की आणखी कशात, याविषयी तज्ज्ञांचे अद्याप एकमत नाही. सबंध बिंबाचाच व्यास जेमतेम दीड मिलिमीटर, तेव्हा त्यावरील हा खळगा किती सूक्ष्म असेल, याची कल्पना करावी. बाहेरून डोळा स्वच्छ, टपोरा, निर्दोष दिसतो. हे व्यंग आईच्या, सुइणीच्या, फार काय स्वतः रोग्याच्याही दृष्टीस पडत नाही, आणि त्यामुळे ग्रहणाच्या मीमांसेतही त्याला कधी स्थान मिळाले नाही.

नगर जिल्ह्याच्या अंधत्वाची जुनी कैफियत वेगळ्याच कारणांनी भरलेली आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला हा सतरा हजार चौरस किलोमीटरांचा मुलूख प्रवरा-गोदावरीच्या काठचा अपवाद सोडल्यास पर्जन्यछायेचा, आणि म्हणून दुष्काळाचा. १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९०० अशा एकामागून एक आलेल्या दुष्काळांत माणसे जशी अन्नावाचून मेली, तशी जगलेल्यांपैकी कित्येक मुले हिरव्या भाजीपाल्यावाचून व दुधावाचून आधी रातांधळी झाली आणि मग त्यांच्या डोळ्यांत फूल पडून कायमची आंधळी झाली. त्याच्या जोडीला देवीचा फेरा होता. गावोगाव हिंडणाऱ्या देवीडॉक्टरांची लस टोचून घेण्यास लोक कचरत, आणि देवी ज्याला सोडून जाई त्याच्या चेहऱ्यावर वण व पुष्कळदा बुबुळावर पांढरा डाग ठेवून जाई. वृद्धांच्या वाट्याला मोतीबिंदू होताच. इंग्रज सरकारच्या खानेसुमारीत वेडे, मुके-बहिरे व कुष्ठरोगी यांच्याबरोबर आंधळ्यांची गणना वेगळी करीत असत. परंतु त्या रकान्यात आंधळा हा केवळ आंधळा म्हणून नोंदला जाई, तो कशाने आंधळा झाला हे विचारण्याची तरतूद नव्हती.

उपचार म्हणावा तर मोतीबिंदू बसवणाऱ्या वैदू-हकिमांचा. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात वर्णिलेली शलाकेची क्रिया, म्हणजे अपारदर्शक झालेले भिंग सुईने बाजूस सारून डोळ्याच्या आत खाली ढकलून देणे, ही शतकानुशतके हस्तपरंपरेने चालत आलेली विद्या होती, आणि ती करणारे लोक बाजारच्या दिवशी अगर जत्रेत बसत. रोग्याला त्या क्षणी उजेड दिसे, दाम दिला जाई, आणि पुढे डोळा पिकून फुटला तर तोपर्यंत वैदूने मुक्काम हलवलेला असे. मद्रासचे नेत्रवैद्य रॉबर्ट हेन्री एलियट यांनी या क्रियेच्या दुष्परिणामांवर पहिल्या महायुद्धाच्या काळात एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परंतु मराठी माणसाने नेत्रचिकित्सेची शिस्तवार नोंद ठेवल्याचे एक उज्ज्वल उदाहरण त्याही पूर्वी दूर दक्षिणेत घडून गेले होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. तंजावरचे सरफोजीराजे भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी आपल्या पदरी नेत्ररोग्यांवर उपचार करविले आणि त्या रोग्यांची टिपणे, प्रत्येकाच्या डोळ्याच्या रंगीत चित्रांसह, दप्तरी जपून ठेवली. ती चित्रे अत्यंत देखणी आहेत. पण ती डोळ्याच्या बाहेरील अंगाची आहेत. आत पाहण्याचे साधन राजाजवळही नव्हते, कारण ते तोवर जगात कोठेच नव्हते.

ते साधन १८५१ साली जर्मनीत हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी जाहीर केले. एका लहानशा आरशाने बाहुलीतून प्रकाश आत सोडावा आणि परत येणाऱ्या प्रकाशात डोळ्याचा तळ पाहावा, एवढीच ती युक्ती. परंतु त्या दिवसापासून डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या, दृष्टिमज्जेचे बिंब आणि तीक्ष्ण दृष्टीचे केंद्र ही जिवंत माणसात दिसू लागली. पुढे तीस-एक वर्षांनी, १८८२ मध्ये, थेओडोर वीथे यांनी बासष्ट वर्षांच्या एका स्त्रीच्या दृष्टिबिंबावर दिसलेल्या खळग्याचे वर्णन जर्मन भाषेत प्रसिद्ध केले, आणि वैद्यकाच्या दप्तरात या व्यंगाची ती पहिली नोंद ठरली. त्याच सुमारास, १८८४ मध्ये, मुंबई सरकारने नगर जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. दुष्काळी काम म्हणून बांधलेली दौंड-मनमाड रेल्वे १८७८ पासून नगरावरून धावू लागली होती, आणि एखादा ऐपतदार रोगी त्या गाडीने मुंबईस जाऊन भायखळ्याच्या सर कावसजी जहांगीर नेत्ररुग्णालयाची पायरी चढू शकत होता. शहरात १८३१ पासून ठाणे देऊन असलेल्या अमेरिकन मराठी मिशनने विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय उभारले. ह्यूम घराण्यातील डॉ. रूथ ह्यूम यांचे नाव त्या कामाशी निगडित आहे. मात्र वीथे यांनी पाहिलेला खळगा नगरातील एखाद्या डोळ्यात असलाच, तर तो शोधण्यासाठी आत डोकावणारे कोणी अजून नव्हते.

असा खळगा किती जणांना असतो? परदेशातील गणना सुमारे अकरा हजारांत एक अशी आहे. हेच प्रमाण येथे लागू धरले, तर २०११ च्या जनगणनेत पंचेचाळीस लाखांवर लोकसंख्या नोंदलेल्या या जिल्ह्यात चारशेच्या आसपास माणसे तो घेऊन वावरत असली पाहिजेत. त्यांपैकी अनेकांना तो जन्मभर काही त्रास देत नाही. परंतु पाव ते पाऊण हिश्शाएवढ्या लोकांत, बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, त्या खळग्यावाटे द्रव पाझरून पडद्याच्या थरांत व पडद्याखाली, थेट मध्यबिंदूच्या, म्हणजे तीक्ष्ण दृष्टीच्या केंद्राच्या, दिशेने साचू लागतो. हा द्रव डोळ्यातील काचरसाचा की मेंदूभोवतालच्या पाण्याचा, हा वाद अजून मिटलेला नाही. शेताच्या बांधाला उंदराने बीळ पाडावे आणि वरच्या वाफ्यातील पाणी कोणाच्या ध्यानीमनी नसता खालच्या वाफ्यात उतरून तेथील पीक पिवळे पाडावे, तसा हा प्रकार आहे. रोग्याला वेदना होत नाहीत, डोळा लाल होत नाही. नांगराचा तास मधेच वाकलेला भासतो, दाराच्या चौकटीला बाक आल्यासारखे वाटते, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचा मध्यभाग पुसट होतो. आणि बहुतेकांत हे एकाच डोळ्यात घडत असल्यामुळे दुसरा डोळा सारे सांभाळून नेतो. माणूस चष्म्याच्या दुकानात जातो, नंबर बदलतो, पुन्हा बदलतो. वर्षे लोटतात. साचलेला द्रव तसाच राहिला तर त्या डोळ्याची दृष्टी सहा-साठपर्यंत अगर त्याहीखाली उतरते. खळगा आणि पडद्याखालचे हे पाणी यांचा संबंध नेदरलंड्समधील क्रानेनबुर्ख यांनी १९६० साली स्पष्ट केला. तोवर एका रोगाचे हे दोन भाग वैद्यांनाही वेगवेगळे वाटत होते.

आता पुन्हा ग्रहणाकडे वळावे लागते. ९ जुलै १९४५ रोजी युरोपातून सूर्यग्रहण दिसले आणि उघड्या डोळ्यांनी ते पाहणाऱ्या काहींच्या पडद्याच्या मध्यभागी भाजल्याच्या खुणा उमटल्या. हाम्बुर्गचे तरुण नेत्रवैद्य गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी त्या खुणा पाहिल्या, आणि त्यांच्या मनात विचार आला की, जो प्रकाश पडदा जाळू शकतो तोच, मोजून-मापून वापरला तर, फाटलेला पडदा जागच्या जागी चिकटवूही शकेल. भाजलेल्या जागी व्रण धरतो, आणि व्रण हा जखडून ठेवणारा असतो, हे तत्त्व लोझानचे ज्यूल गोनाँ यांनी तप्त शलाकेने पडद्याची छिद्रे डागून त्यापूर्वीच सिद्ध केले होते. मायर-श्विकेराथ यांनी १९४९ मध्ये रुग्णालयाच्या गच्चीवर आरसे बसवून प्रत्यक्ष सूर्याचा किरण रोग्याच्या डोळ्यात आणला. हाम्बुर्गच्या ढगाळ आकाशाखाली तो सूर्य हवा तेव्हा मिळेना, म्हणून त्यांनी आधी कार्बनच्या दिव्याचा आणि मग, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, झाइस कारखान्याच्या साह्याने झेनॉनच्या दिव्याचा अवलंब केला. ज्या घटनेला आपल्या आज्यापणज्यांनी व्यंगाचे कारण मानले, तिच्यातूनच एका व्यंगाच्या उपचाराची वाट निघाली, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण वाटते. ग्रहणाच्या वेळी सूर्याकडे पाहू नये, एवढा त्या रीतीचा अंश तर अक्षरशः खराच होता.

डागण्याची कल्पनाही या मुलखाला नवी नव्हती. पोटदुखी, कावीळ, लहान मुलांचे पोट फुगणे अशा विकारांवर तापलेल्या लोखंडाचा किंवा बिब्याचा डाग देण्याची चाल खेडोपाडी होती, आणि तिने असंख्य अर्भकांना विनाकारण यातना दिल्या. जुनी डागणी व नवी डागणी यांतील भेद मापाचा आहे आणि ज्ञानाचा आहे. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण निर्माण केला. १९६१ च्या अखेरीस न्यू यॉर्कमध्ये चार्ल्स कॅम्बेल यांनी तो मानवी पडद्यावर वापरला. आणि १९६८ मध्ये फ्रान्सिस लेस्परन्स यांनी आर्गन वायूचा लेसर आणला, ज्याचा हिरवा-निळा प्रकाश पडद्यामागील रंगद्रव्याच्या थरात शोषला जाऊन तेथे उष्णता निर्माण करतो. एका ठिपक्याचा व्यास मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा, आणि कालावधी सेकंदाच्या एक-दोन दशांशाएवढा. बाहुली मोठी करणारे थेंब घालावेत, डोळ्यावर भिंग टेकवावे, रोग्याने हनुवटी टेकून स्थिर बसावे. डॉक्टर बिंबाच्या कानाकडील काठाला लागून ठिपक्यांच्या दोन-तीन ओळी उमटवतात, आणि पंधरवड्याच्या आत त्या जागी व्रण धरून खळगा व मध्यबिंदू यांच्यामध्ये एक आडवा अडसर तयार होतो. बांधाची डागडुजी झाली, असे शेतकऱ्याला सांगितले तर तो लगेच समजेल.

तथापि ही डागडुजी सोपी नाही, आणि तिच्याविषयी अवास्तव आशा लावणे हे रोग्यावर अन्याय करण्यासारखे होईल. बिंबापासून मध्यबिंदूकडे जाणारे मज्जातंतू याच वाटेने जात असल्यामुळे किरण थोडा अधिक लागला तर दृष्टिक्षेत्रात कायमचा काळा डाग पडतो. आणि पडदा पाण्याने वर उचलला गेलेला असेल तर रंगद्रव्याचा थर खाली राहून ठिपका नीट धरतच नाही. केवळ लेसर केलेल्या डोळ्यांत पाणी ओसरण्यास कित्येक महिने लागले, काहींत ते ओसरलेच नाही. म्हणून रॉबर्ट माखेमर यांनी १९७० च्या सुमारास प्रचारात आणलेली काचरस काढण्याची शस्त्रक्रिया, तिच्या अखेरीस डोळ्यात भरलेला वायूचा बुडबुडा, रोग्याने काही दिवस पालथे राहणे आणि जोडीला लेसर, असा संयुक्त उपचार १९८० च्या दशकापासून रूढ होत गेला. त्यातही लेसर हवाच का, यावर आज शल्यविशारदांत मतभेद आहेत. काही डोळ्यांतील पाणी तर कोणताही उपचार न करता आपोआप उतरते. एवढे मात्र सर्वांना मान्य आहे की, मध्यबिंदू फार काळ पाण्याखाली राहिला तर नंतर पडदा जागेवर बसूनही गेलेली दृष्टी पुरती परत येत नाही.

हा उपचार नगर जिल्ह्याच्या आवाक्यात कसा आला, ती हकीकत सहकाराची आहे, आणि मधुमेहाचीही आहे. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवराकाठी लोणी येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याने १९५० मध्ये गाळप सुरू केले. उसाच्या पैशातून शाळा व कॉलेजे निघाली, १९७० च्या दशकात प्रवरा ग्रामीण रुग्णालय आणि १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. जिल्ह्याच्या दुसऱ्या, कोरड्या टोकाला जामखेडात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून ज्या खेडवळ, बहुधा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका केले, त्यांनी गर्भारपण, बालसंगोपन व आहार यांविषयी घराघरातील समजुती बदलल्या. १९७९ च्या मॅगसेसे पुरस्काराने त्या कार्याचा गौरव झाला. त्याच १९७० साली देशात बालकांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याची योजना सुरू झाली, आणि १९७५ मध्ये देवीचा रोग भारतातून नाहीसा झाला. १९७६ च्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने मोतीबिंदूच्या शिबिरांना सरकारी बळ दिले. अशा रीतीने दुष्काळ, देवी व मोतीबिंदू हे अंधत्वाचे तीन जुने सुभेदार एकेक करून हटत गेले, तेव्हा कोठे पडद्याच्या विकारांकडे लक्ष देण्यास वैद्यकाला सवड मिळाली.

आणि लेसरची यंत्रेही दृष्टिबिंबाच्या खळग्यासाठी कोणी विकत घेतली नाहीत. अकरा हजारांत एकासाठी लक्षावधी रुपयांचे यंत्र कोणतेही विश्वस्त मंडळ घेणार नाही, आणि घेऊ नये, असेच मी म्हणेन. मधुमेहाने पडद्यात होणारा रक्तस्राव लेसरने रोखता येतो, हे १९७० च्या दशकात अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने सिद्ध झाले, आणि मधुमेह जसजसा नगर-संगमनेर-श्रीरामपुरापासून वाड्यावस्त्यांपर्यंत पसरत गेला, तसतशी पडदा तपासण्याची व लेसरची सोय पुण्या-मुंबईबाहेर उतरू लागली. लोणीच्या रुग्णालयात नेत्रविभाग आहे. चिचोंडी शिराळ या याच जिल्ह्यातील गावी १९०० साली जन्मलेल्या आचार्य आनंदऋषीजींच्या नावाने जैन सोशल फेडरेशनने नगरात चालविलेल्या रुग्णालयातही आहे. बहुजनांच्या रोगासाठी आलेल्या यंत्राचा लाभ विरळ व्यंगाच्या माणसालाही मिळू शकतो, असा हा योग आहे.

परंतु यंत्रापाशी पोहोचण्यापूर्वी कोणीतरी डोळ्याच्या आत पाहिले पाहिजे, आणि अडचण अजूनही तेथेच आहे. शिबिरात रांगेने बसलेल्या वृद्धांचा मोतीबिंदू पिकला की नाही हे बॅटरीच्या उजेडात समजते. तिशीतल्या तक्रारदाराची बाहुली थेंबांनी मोठी करून तळ पाहण्यास वेळ लागतो, अंधारी खोली लागते, शिकलेला डोळा लागतो. चष्म्याचा नंबर देऊनही ज्याची दृष्टी पूर्ण होत नाही, अशा प्रत्येक तरुण रोग्याला तालुक्याच्या दवाखान्यातून पडदा तपासण्यासाठी पुढे पाठवावे, एवढा एक नियम पाळला गेला तरी त्या चारशेंपैकी पुष्कळांची दृष्टी वाचेल. पडद्याचे थर सूक्ष्मपणे दाखवणारी ओसीटीची तपासणी १९९१ नंतर प्रचारात आल्यापासून पाणी किती, कोणत्या थरात आणि ओसरते आहे की वाढते आहे, हे भूल न देता, टोचल्यावाचून कळू शकते.

ज्यांना हा खळगा आहे असे एकदा समजले, त्यांना घरच्या घरी करता येण्याजोगी तपासणी तर त्याहून साधी आहे. गोनाँ यांचेच शिष्य मार्क आम्स्लर यांनी रूढ केलेल्या चौकटीच्या तक्त्याऐवजी मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीचे पान भिंतीला लावावे, मध्यभागी शाईचा ठिपका द्यावा, आणि आठवड्यातून एकदा, एक डोळा तळहाताने झाकून, वाचताना धरतो तेवढ्या अंतरावरून त्या ठिपक्याकडे पाहावे. चष्मा असल्यास तो घालूनच पाहावे. रेषा सरळ दिसल्या तर चिंता नाही; कोठे बाक आला, कोठे चौकट पुसली गेली, तर पुढच्या बाजाराची वाट न पाहता त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. लेसर किंवा शस्त्रक्रिया होऊन गेलेल्यांनीही हा क्रम चालू ठेवावा, कारण एकदा ओसरलेले पाणी काही वर्षांनी पुन्हा साचल्याची उदाहरणे आहेत.